ज्याचा चेहरा, त्यालाच विचारणाऱ्या डॉक्टर

डॉ. सुमनताईंना मी प्रथम भेटले ती आई म्हणून. निर्मल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्कूटर घसरून माझ्या मुलीच्या, नीलिमाच्या, गालापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जखम झाली होती. ती भरली, पण व्रण आखडला. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जाई. तिनं हसणंच सोडलं. आदिलाबादच्या त्या लहानशा दवाखान्यात मी तिचा जुना फोटो ताईंपुढे ठेवला. "असा चेहरा परत हवा."

ताईंनी फोटो नीट पाहिला. "लेझरनं व्रण मऊ होईल, फिका पडेल. पुसला जाणार नाही," असं सांगून त्यांनी मला बाहेर बसायची विनंती केली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या ताईंची ती शिस्तच होती. मी बाहेर जाऊन बसले, पण मनातून दुखावले.

नीलिमानं नंतर सांगितलं, आत ताईंनी तिला एवढंच विचारलं, "तुला काय हवं?"

"मोकळं हसता यावं. बाकी राहिलं तरी चालेल."

लेझरच्या काही सिटिंगनंतर ओठाचा कोपरा सुटला. गालावरची रेघ मात्र दिसतच होती, म्हणून मी अजून एका सिटिंगचा आग्रह धरला. ताई नीलिमाकडे वळल्या. "पुरे, की अजून?"

"पुरे," ती म्हणाली. ताई थांबल्या. मी वाटभर रडले. त्याच संध्याकाळी वडिलांच्या कसल्याशा विनोदावर नीलिमा खळखळून हसली, आणि मला ताई कळल्या.

पुढे मी शनिवारी दवाखान्यात मदतीला जाऊ लागले. लेझरनंतर ऊन टाळावं लागतं, म्हणून कापूस वेचणाऱ्या बायकांना ताई सांगतात, "वेचणी उरकू द्या, मंग या. डाग कुठी पळून नाही जात." एकदा सुनेला घेऊन आलेल्या एक आजी दारातूनच कडाडल्या, "डाक्टरीनबाई, मले काऊन बाहेर काढलं? मी सासू हाव तिची!"

"म्हूनच, आजी! चेहरा तिचा हाय, तिलेच बोलू द्या. तुमी चहा घ्या."

आजी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाह्यलं? चहावर भागवून राह्यली!"

ताईंच्या साठीनिमित्त लिहितेय, असं नीलिमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी मला बरं केलं, एवढंच नको लिहूस. त्यांनी मला विचारलं, हे लिही."

तेच लिहिलं आहे. ताईंचा हात असाच स्थिर राहो, नजर शाबूत राहो, प्रकृती उत्तम राहो. आणि त्यांच्या पंचाहत्तरीलाही चार शब्द लिहिण्याचं भाग्य मला लाभो.