टेम्पोपुढे उभ्या राहिलेल्या शांताताई

नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या सकाळी शांताताईंनी मला 'बस' म्हटले नाही. हातात चाकू आणि पिवळाधमक ओला खजूर दिला. "काप." आत काळी भुकटी. "वरून बघून मत द्यायचं असेल तर दुसरी नोकरी बघ." वनस्पतिरोग विभागात माझे स्वागत झाले ते असे! आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. धाक तसाच आहे.

माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी न सांगता पाठवलेले डबे मी विसरलेलो नाही. पण सांगायची आहे ती पिंगळी गावाजवळच्या शेतातली एक सकाळ.

ताई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याच शब्दावर तिथले शेतकरी नामदेवराव यांनी खजूर लावला होता आणि पहिलाच मोठा बहर आला होता. तो कसा विकतो ते पाहून गावातले इतर लोक झाडे लावणार होते. नामदेवरावांचे घर पिढीजात भाजीवाले. बाजारच्या भाजीसारखाच त्यांनी खजूर हौदात धुतला आणि रात्रभर ओल्या पोत्यांखाली झाकला. आम्ही पोचलो तेव्हा क्रेट टेम्पोत चढत होते.

ताईंनी फळे कापली. पावसात काही फळांच्या देठाकडच्या टोपीखालून बुरशी शिरली होती, आणि धुण्याच्या पाण्याने ती साऱ्या मालात पसरवली होती.

"नामदेवराव, हा माल जाणार नाही."

"मॅडम, लय चकचकीत हाय की! व्यापारी वाट बघायलाय."

"वाटेतच सडेल. मग तुमच्या गावचा खजूर पुन्हा कोणी घेणार नाही."

"लावा म्हणून मागं लागलाव तुमीच, आन् आता आडव्या यायलाव बी तुमीच?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताई सरळ टेम्पोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. नामदेवराव 'बाजूला व्हा' म्हणून ओरडत होते. ताई हळूच मला म्हणाल्या, "माझं चुकलं तर या माणसाचं वाटोळं होईल रे." तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी नामदेवरावांनी क्रेट उतरवून घेतले आणि टेम्पो रिकामा गेला.

ओसरीवर ठेवलेल्या क्रेटांना लवकरच आंबूस वास सुटला, फळे काळी पडली. तो माल शेताबाहेर पुरला. झाडावरचे उरलेले घड ताईंनी कोरडे उतरवून घेतले, न धुता सावलीत निवडले. ते बाजारात टिकले, आणि व्यापारी पुन्हा आला. आज त्या शिवारात खजुराच्या आणखी बागा आहेत.

या गौरवग्रंथासाठी ताईंना निरोगी दीर्घायुष्य चिंतावे, म्हणून मी चार चांगली वाक्ये जुळवत होतो. मध्येच फोन करून नामदेवरावांना ताईंसाठी काही निरोप आहे का, विचारले. ते अजून तापटच आहेत.

"मॅडमला म्हनावं, औषधपानी येळेवर घ्या आन् शंभरी गाठा. मला आडवायची हिंमत दुसऱ्या कुनात हाय?"