नकाशा जळगावचा, लग्न धुळ्याकडचं

अक्काच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न नरडाण्याजवळच्या खेड्यात होतं आणि मामा म्हणून तिच्या पाठीशी मला उभं राहायचं होतं. तिकडे नेट मिळत नाही, म्हणून शहाण्यासारखा मी नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घेतला. पण फक्त जळगाव जिल्ह्याचा. अमळनेर मागे पडलं, जिल्हा संपला आणि कोऱ्या पडद्यावर माझा निळा ठिपका तेवढा उरला.

“अहो, कुणाला तरी विचारा,” बायको म्हणाली.

“येईल नकाशा,” मी म्हणालो आणि तासभर भटकलो.

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. माझ्यासाठी आणलेला फेटा अक्काच्या शेजारच्या नानांच्या डोक्यावर होता. मामा म्हणून तेच उभे राहिले होते.

माझ्याकडे न बघताच अक्का म्हणाली, “बस भाऊ, जेवण बाकी शे.”

मी बसलो. वाढायला नानाच आले, फेट्यासकट.