सुतकातली मिरचीची फुलं

मिरचीचं रोप वीतभर असतानाच फुलायला लागलं तर ती फुलं खुडायची, हे आमच्या घरात आईचं काम होतं. हल्ली थंडी नावालाच पडते. ऊन तापलं की रोप घाबरतं आणि वाढायचं सोडून फुलत सुटतं. आई संध्याकाळी विहिरीजवळच्या वाफ्यात उकिडवी बसायची, पांढरी फुलं चिमटीने खुडायची आणि प्रत्येक रोपाला सांगायची, "आधी वाढ गो बाय, मगे फुलशीत."

त्या वर्षी रोपांनी जीव धरला न धरला तोच आई गेली. बी तिच्या माहेरचं. आदल्या साली अवकाळी पावसाने झाडं कुजली, म्हणून उरलंसुरलं सगळं तिने पेरलं होतं. ही रोपं हातची गेली असती तर ते बी संपलंच असतं.

मी जामसंड्याहून, सासरहून धावत आले. दिवस चालू असतानाच वाफा फुलांनी भरला. खुडायला वाकले तर बाबा म्हणाले, "सुतकात फुलां काढूची नाय."

हा माणूस एरवी आठवण करून दिल्याशिवाय देवापुढे उदबत्तीसुद्धा लावत नाही. मला रागच आला. "मिरचेचा फूल खंयच्या देवाक घालतत, बाबा?"

"फूल ता फूल."

शेजारीण म्हणाली, तिला सुतक नाही, ती खुडून देईल. बाबांनी तिलाही नको म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आईने लावलेलं फुललं होतं आणि ते त्यांना मोडवत नव्हतं. मग मी भांडले नाही. रोपांवर झावळांची सावली केली, पाणी घालत राहिले.

सुतक फिटेपर्यंत रोपं खुरटली. पानं पिवळी, आणि एवढ्याशा झाडाला बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या. पाहुणे गेल्यावर बाबा वाफ्यात उतरले आणि फुलं, मिरच्या, सगळं खुडून टाकलं. त्यांचे डोळे वाहत होते. मीही रडले.

बरीचशी रोपं जळली. दोन जगली. त्यांना नवे फुटवे आले, मिरच्या लाल झाल्या, बी धरता आलं.

यंदा त्या बियाची रोपं ऊन लागताच पुन्हा फुलली. मी माहेरी पोचले तेव्हा घरात कोणी नव्हतं. मागे गेले, तर बाबा वाफ्यात उकिडवे बसून फुलं खुडत होते आणि हळू आवाजात प्रत्येक रोपाला सांगत होते, "आधी वाढ गो बाय, मगे फुलशीत."