लोरेथाबाईंनी परत नेलेलं पुडिंग

लोरेथा गेन्सने वर्लन स्टीगलच्या डोक्यावर केळ्याच्या पुडिंगचं भांडं उपडं केलं, ही बातमी रविवारी चर्च सुटायच्या आत गावभर झाली. साफ खोटी. तिने डाव खाली ठेवला, अर्ध्या भरल्या भांड्यावर झाकण घातलं आणि भांडं उचलून ती घरी गेली. आता विचारा अलाबामातल्या कुणालाही, यात वाईट कोणतं! डोक्यावरचं पुडिंग धुतलं तर जातं. पंगतीतून न संपलेलं भांडं परत नेल्याचं मात्र इथे मयताच्या जेवणातसुद्धा कुणी पाहिलेलं नाही.

वर्लन एरवी हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकतो, पण शनिवारी तो कॉलेजच्या फुटबॉल मैदानाचा आवाज, माइकवरून खेळाडूंची नावं पुकारणारा. एकोणीस वर्षं झाली. दर ऑगस्टात तो प्रत्येक खेळाडूच्या आईला फोन करी. "बाई, पोराचं नाव तुम्ही घेता तसं तीनदा म्हणा." मग पाठ करी. एक नाव कधी चुकलं नाही, आणि हे तो सांगितल्यावाचून कुणाला सोडत नसे.

तर संघाच्या वार्षिक जेवणात स्वारी नक्कल करायला उभी राहिली. अंगात पंचाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, तोंडापुढे माइक म्हणून कलथा. "आणि आता येतोय टॅव्हेरियन-लाव्हेरियन-तव्यावरचा-बेकनेरियन! नाव संपेपर्यंत सामना संपला, मंडळी!" लोक टेबलं बडवू लागले. तेवढ्यात झाकण वाजलं. वर्लनने वळून पाहिलं, तर लोरेथा. नाव तिच्या पोराचं होतंच. पण तो काळ्या वस्तीतला लाडिक हेलही तिचाच होता, फोनवर तीनदा ऐकलेला.

पुढचा शनिवार निरोपाचा. शेवटच्या वर्षाची पोरं आईचा हात धरून मैदानात येतात आणि वर्लन नावं पुकारतो. कोणत्या तोंडाने पुकारणार? बुधवारी तो तिच्या पायरीशी जाऊन उभा राहिला.

"लोरेथाबाई, माफी मागायला आलोय."

"जाळीच्या दारातूनच बोला, स्टीगल. ऐकू येतं मला."

"गंमत म्हणून..."

"टॅव्हिस माझा भाऊ, मॅरियन माझे वडील. हा झाला त्याच वर्षी दोघं गेले, म्हणून दोघांचं मिळून एक नाव. हे तुम्हाला फोनवर कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"छान नाव आहे म्हणालो."

"शनिवारी मी येणार. नाव दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. तुम्हीच घ्यायचं, आणि मी वर तुमच्याकडे बघत राहणार."

तसंच झालं. "टॅव्हेरियन गेन्स, सोबत आई लोरेथा गेन्स." चूक एक नाही. पोरगा लोकांना हात हलवत होता. ती मात्र वर वर्लनच्या खोलीच्या काचेकडे बघत चालली, हसली नाही. पुढची चार नावं वर्लनने सावकाश, एकेक अक्षर जपून घेतली.

सोमवारी टायरवाला जज पकेट, वर्लनसारखाच गोरा, दुकानात टपकला. "काय रे, एका बाईने डोळे वटारले तर जीभ गंजली? या काळ्यांनी असली नावं ठेवली तर लोक हसणारच की!"

वर्लन खिळे तोलत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या आईने तुझं नाव जज ठेवलं आणि तू जन्मभर पंक्चर काढतोयस. तुझ्या आईला मी कधी हसलो नाही, जज. मग या बाईला का हसलो, ते मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे."