कासवांच्या जोडीतला धनी

लग्नाला सात वर्षं झाली तरी माझी कूस उजवेना, तेव्हा सासूबाई रहिमतपूरहून आल्या त्या झाकणाच्या बादलीत दोन वाढलेली कासवं घेऊनच. घरात कासवांची जोडी नांदली आणि तिला पिल्लं झाली की सुनेलाही मूल होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत टब ठेवला. मोठं कासव ते नर, त्याचं नाव धनी. लहान ती मादी, तिचं नाव सूनबाई. हे ओळखलं कसं, असं मी विचारलं.

"आगं, बाप्या मोठाच असतुय की," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

तोवर माझ्या तीन डॉक्टर बदलून झाल्या होत्या. सुया, गोळ्या, दुर्बीण, सगळं माझ्याच पोटावर. प्रत्येकीनं सांगितलं, यजमानांचीही तपासणी करून घ्या, साधी असते. नवरा म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?" आणि सासूबाई त्याच्या भातावर तुपाची धार आणखी जरा सोडायच्या.

एके दिवशी टबाच्या तळाशी पांढरी, लांबट अंडी दिसली. पाण्यात पडून ती नासली होती. पुढच्या वेळची मी उचलून ओलसर वाळूत ठेवली, तीन महिने जपली. आतून नुसतं घाण पाणी निघालं.

"अंडी घालती, पर पदरात काय न्हाई," सासूबाई म्हणाल्या. कासवाकडं नव्हे, माझ्याकडं बघत. त्या दिवसापासून कोबीचं पान आधी धन्याला आणि उरलंसुरलं सूनबाईला.  

मग एका सकाळी उन्हाला सोडलेला धनी कोरफडीच्या पसरट कुंडीत चढला, मागच्या पायांनी माती उकरली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं चार अंडी घातली. मी फरशीवर बसून हसत सुटले. हसता हसता मला रडू आलं.

दोन्ही कासवं बादलीत घालून मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकेकाला उलथं धरून शेपटी पाहिली, पुढच्या पायांची नखं पाहिली.

"दोन्ही माद्याच आहेत. नराची नखं लांब, शेपूट लांब आणि जाड. अंगानं तो उलट लहानच असतो. यांच्यात काही दोष नाही हो. नरच नाही, तर अंडी फळणार कशी?"

यांच्यात काही दोष नाही, हे वाक्य मी घर येईपर्यंत मनात घोळवत राहिले.

घरी सांगितल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हैस उलटाय लागली, गाभ ऱ्हाईना झाली, की आमी आदी रेडा बदलतो. हितं कसं ध्येनात आलं न्हाई गं?"

त्याच रविवारी नवरा मासे-कासवांच्या दुकानात गेला. नर निवडताना त्यानं तिथलं एकेक कासव उलथं करून पाहिलं. शेपटीचे, नखांचे फोटो मला पाठवून तीनदा विचारलं, हा चालेल का? डॉक्टरांनी लिहून दिलेली त्याच्या स्वतःच्या तपासणीची चिठ्ठी चार वर्षं माझ्या पर्समध्ये घडी घालून पडली होती.

वर्षभरानं वाळूतून तीन पिल्लं वर आली. शेजारणी बघायला आल्या. सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

"माद्या चांगल्याच हुत्या. उगंच नावं ठिवली बिचाऱ्यास्नी," त्या म्हणाल्या. "धनी बदलला आन् लगीच पिल्लं झाली बगा."

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. आपण काय बोललो ते सासूबाईंना कळलं नाही. सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याला कळलं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

सगळ्या गेल्यावर मी ती चिठ्ठी काढली आणि त्याच्यासमोर, चहाच्या कपाशेजारी ठेवली. संध्याकाळी आवरायला गेले तेव्हा कप चिठ्ठीवर ठेवलेला होता. उचलला, तर कागदाची घडी तशीच होती आणि वर चहाची गोल खूण उमटली होती.