पद्मिनीतून मुरबाड, नव्या गाडीतून डोळखांब

घरासमोर जागा एकाच गाडीची. बाबांची जुनी पद्मिनी ठेवायची की नवी छोटी गाडी, एवढंच ठरायचं होतं. बाबा म्हणाले, दोन्ही घेऊन डोळखांबला जाऊ, मग सांगतो. भाताची कापणी उरकली होती. रविवारी सकाळी कल्याणहून निघालो.

जाताना नवी गाडी मी चालवत होते. शेजारी आई, मागे बाबा. भाऊ पद्मिनी घेऊन मागून येत होता. हायवेनं शहापूर कधी आलं कळलं नाही. पुढचा रस्ता अरुंद, वळणांचा. पण ही गाडी पटकन वळते, पेट्रोलही निम्मंच पिते. आत एसीची गार शांतता. आई आणि मी हळू बोलत होतो. बाबा बाहेर बघत होते. त्यांना कमी ऐकू येतं, कानाचं मशीन कपाटातच असतं. रुसलेत, असं आम्ही धरून चाललो.

डोळखांबला नाचणीची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा जरूर खा. आधी सांगून ठेवलं तर चुलीवरचा मिळतो. वाढणाऱ्या मावशींनी आईला विचारलं, "भांडण झालाय काय गो? बाबा काय बोलत नाय."

गाडीवरून, असं आई म्हणाली.

"गाडीवरनं ना, बाईवरनं नाय ना? मंग जेवा."

परतीला किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा रस्ता घेतला. आता नवी गाडी भावाकडे, पद्मिनी बाबांकडे. चोक ओढून त्यांनी ती सुरू केली. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगपाशी. आई त्यांना लागून बसली, मी मागे. काचा खाली, इंजिनाची घरघर, पेट्रोलचा वास. पुढे गुरं आहेत, आई ओरडली. दिसतायत, डोळे शाबूत आहेत, बाबा म्हणाले आणि मग बोलायचे थांबेचनात. लांबवर सिद्धगड दिसला. तिथे चढताना आईची चप्पल तुटली आणि आपण रुमालानं बांधली, असं ते सांगू लागले. रुमाल कुठला, तुमच्या पायजम्याची नाडी होती ती, आईनं मोठ्यानं दुरुस्ती केली.

मुरबाडला स्टँडजवळ चहाला थांबलो तेव्हा इंजिनावर ओरडून माझा घसा बसला होता. हीच ठेवायची ना, मी विचारलं.

बाबांनी चहा बशीत ओतला. "क्लच दाबताना गुडघा दुखतो गं. पण हिच्यात तुम्ही मोठ्यानं बोलता. त्या गाडीत नुसते ओठ हलवता."

भाऊ चहा घ्यायचा विसरला.

पुढच्या महिन्यात पद्मिनी गेली. किल्ली बाबांनीच दिली.

परवा नव्या गाडीनं पुन्हा शहापूरला गेलो. बाबांना पुढे बसवलं. हायवेला लागताच आईनं एसी बंद करायला लावला, चारही काचा खाली. धूळ आली, ट्रकांचा आवाज आला. मागून वाकून तिनं बाबांना विचारलं, मिसळ खायची का.

"ओरडतेस काय," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय."