सहाव्या आकड्याला अप्पा खोकायचे

अप्पा मैसूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. भाजीला देवराज मार्केटला जाताना मी स्कूटरवर मागे, आणि खेळ सुरू! ते लॅटिन आकडा ओरडणार, मी त्याच्यातून निघालेला इंग्रजी शब्द.

"युनि!"

"युनिफॉर्म!"

"बाय!"

"बायसिकल!"

ट्राय, क्वाड, मग क्विंट म्हणजे पाच. मी हमखास "क्विंटल!" म्हणायची.

"अय्यो पुट्टी, क्विंटल शंभरातून आलाय, पाचातून नाही!"

आणि सहा? सहा म्हणजे सेक्स्ट. अप्पा तिथे खोकायचे. नुसतं खोकायचे आणि थेट "सेप्ट!" सात! सेक्स्टंट हे जहाजावरचं साधं यंत्र हो, पण पोरीसमोर तो शब्द तोंडातून निघणारच नाही. मी मागे हसून हसून पडायची बाकी.

"मग सेप्टेंबर नववा का, अप्पा?"

"रोमन लोकांचं वर्ष आधी मार्चात सुरू व्हायचं. आपल्या पाडव्यासारखं, गोत्ता, कळलं? मोज आता."

मागच्या वर्षी अप्पांना स्ट्रोक आला आणि शब्दच गेले. मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळे. माझ्याकडे बघायचे ते खिडकीकडे बघावं तसं. मी कोण हे त्यांना कळतंय का, मला फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, कधीकधी शब्द जातात पण पाठ असलेले आकडे राहतात. त्यांनी कन्नडमध्ये "ओंदु, एरडु" करून पाहिलं. आईने "एक, दोन". काही नाही.

मग एका सकाळी, हेब्बाळला जाणारी कंपनीची बस यायची वेळ, बॅग खांद्यावर, मी सहज म्हटलं, "युनि."

"बाय," अप्पा म्हणाले.

मी बॅग खाली ठेवली.

"ट्राय. क्वाड. क्विंट." थांबले. माझ्याकडे पाहिलं. आणि खोकले! मग, "सेप्ट."

मी धावत स्वयंपाकघरात. "आई! अप्पांनी मला ओळखलं! सहाला खोकले!"

आई चपाती लाटत होती. "अगं, पहाटेपासून खोकतायत ते. कफ झालाय."

"नाही गं, बरोब्बर सहाला!"

"बरं, संध्याकाळी परत विचार की. बस जाईल तुझी."

दुपारी फोन आला. दुसरा स्ट्रोक. मी पोचेपर्यंत अप्पा गेले होते.

आता आई म्हणते, "ओळखलंच असणार गं. तुला नाही तर कुणाला?" पण समजूत घालतानाचा तिचा आवाज मला माहीत आहे.

बसमध्ये मी मनात मोजत जाते. युनि, बाय, ट्राय, क्वाड, क्विंट. सहाला खोकते, अगदी त्यांच्यासारखी, मुद्दाम. शेजारची मुलगी न विचारता पाण्याची बाटली पुढे करते. तिला तो खोकला खराच वाटतो.